पेरू: खायचा नव्हे, बघायचा (कुस्कोचा जून, पंधरा संत आणि एक पाव)

सांजभटक्या:
मंडळी, जून २०२५ मध्ये तीन आठवडे पेरूला जाऊन आलो, तेव्हापासून व्यक्तिगत निरोपातून पाचसहा जणांनी तेच तेच विचारलं म्हणून आता धागाच काढतो, इथेच विचारा म्हणजे मला एकदाच टंकावं लागेल. बरोबर बायको आणि अमेरिकेत शिकणारी मुलगी, जिला कामचलाऊ स्पॅनिश येतं, म्हणजे येतं असं आम्हाला वाटत होतं.

खरं सांगायचं तर आम्ही गेलो इंती रायमीसाठी. २४ जूनचा इंका लोकांचा सूर्याचा सण, यूट्यूबवर बघून बघून डोक्यात बसला होता. तारखा जुळवताना लक्षातही नव्हतं की त्याच आठवड्यात कुस्कोमध्ये, म्हणजे इंकांच्या जुन्या राजधानीत, कॉर्पस क्रिस्ती हा कॅथलिक सण आहे. आणि आता परत आल्यावर कोणी विचारलं काय बघितलं तर माझ्या तोंडून आधी कॉर्पस येतं, मग माचू पिच्चू, इंती रायमी तिसरी. सगळे उलट सांगतात म्हणून हे आधी लिहितोय.

कॉर्पस म्हणजे ईस्टरनंतर ६० दिवसांनी येणारा गुरुवार, यंदा १९ जून. आदल्या दिवशी, बुधवारी, शहरातल्या आणि आजूबाजूच्या चर्चमधून १५ मूर्ती, संत आणि माता मेरीची वेगवेगळी रूपं, खांद्यावरून कॅथेड्रलकडे निघतात. सान हेरोनिमो आणि सान सेबास्तियान हे दोघे शहराबाहेरच्या एकाच बाजूच्या वस्त्यांमधले शेजारी, ते एकमेकांशी शर्यत लावत येतात. म्हणजे खरंच पळतात! आम्ही रस्त्याच्या कडेला उभे, लांबून आधी बॅंडचा आवाज, मग लोक बाजूला व्हायला लागले आणि एकदम दहापंधरा माणसांच्या खांद्यावर तो एवढा मोठा लाकडी चौथरा हेलकावे खात धावत येताना दिसला, वर संत, त्याची जरीची झूल वाऱ्यावर, खाली माणसांच्या माना एका बाजूला वाकलेल्या, घामाने डबडबलेल्या. खांद्याला उशा बांधलेल्या असतात तरी थांबल्यावर एकाने शर्ट सरकवून दाखवला, गाठी आल्यात गाठी. आणि हे सगळं ३४०० मीटरवर, जिथे मी बुटाची नाडी बांधायला वाकलो तरी धाप लागत होती.

गुरुवारी सगळ्या मूर्ती मोठ्या चौकात म्हणजे प्लासा दे आर्मासला फेरी घालतात, चांदीच्या रथातून पवित्र प्रसाद निघतो, प्रत्येक वस्तीचा बॅंड वेगळा, गाणं वेगळं, सगळे एकदमच वाजवतात. पुढे आठवडाभर हे पंधराही जण कॅथेड्रलमध्येच मुक्कामाला. इंकांच्या काळी मेलेल्या राजांच्या ममी अशाच पालखीतून चौकात आणत, आणि त्याच जागी नंतर संत आले असं तिकडे सगळे सांगतात.

आम्ही कुस्कोच्या सान ब्लास वस्तीत एका बाईंच्या घरी वरची खोली घेतली होती. बाई साठीच्या, बोलक्या. निघायच्या आदल्या दिवशी त्यांचा भाऊ चार माणसं घेऊन आला, टोपलीत मोठाले गोल पाव, बाटली, सगळे हॅट काढून उभे, काहीतरी भाषण झालं, मुलीला त्यातलं निम्मं कळलं. मग टोपली आमच्यापुढे. बायकोने दोन पाव घेतले, नाही म्हणणं बरं दिसत नाही ना. फार गोड माणसं. पाव पण गोड होता.

माचू पिच्चूवर लिहीत नाही, नेटवर ढिगाने आहे. प्रश्न असतील तर विचारा.

उपवासी_बोका:
जळजळ झाली, इनो घेऊन आलो. पहिला प्रश्न अर्थातच खाण्याचा. आम्ही दोघं शुद्ध शाकाहारी, अंडं चालतं. जगू का?

सांजभटक्या:
जगाल, पण एक धडा. नुसतं "सिन कार्ने" म्हणजे बिनमटण म्हणालात तर चिकन आणून देतात, आणि देताना चेहरा इतका प्रामाणिक असतो की रागावता पण येत नाही. सिन कार्ने, सिन पोयो (बिनचिकन), सिन पेस्कादो (बिनमासे) असं तिन्ही म्हणायचं, तरी सूपमध्ये हाडाचं पाणी असू शकतं हे धरून चाला. किन्वाचं सूप, भाजलेलं मोठ्या दाण्याचं कणीस आणि चीज, बटाट्याचे तर किती प्रकार, लिमात बटाट्याचं आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्रच आहे. बाजारात जांभळा, काळा, आल्यासारखा वाकडातिकडा, सगळा बटाटाच.

कॉर्पसचा खास पदार्थ मात्र तुमच्या कामाचा नाही. चिरिउचू, इंकांच्या केचुआ भाषेत अर्थ थंड मिरची. एका ताटात गिनी पिग, कोंबडी, सुकवलेलं मटण, सॉसेज, माशाची अंडी, समुद्रातलं शेवाळ, चीज, भाजलेला मका, रोकोतो मिरची, वर एक धिरड्यासारखं. सगळं गार आणि सगळं हातानेच. मुलीने खाल्लं. बायको मका, चीज आणि धिरड्यावर. त्या धिरड्यात काय होतं हे मी तिला अजून विचारू दिलेलं नाही.

अवांतर: सान पेद्रो बाजारात किविचाच्या वड्या मिळतात. तोंडात टाकली आणि बायको म्हणाली अहो ही तर राजगिऱ्याची चिक्की. आणि खरंच राजगिराच आहे तो! तिकडचाच. मग बसून हिशेब लावला तर साबुदाण्याचं मूळ, शेंगदाणा, बटाटा, रताळं, मिरची, राजगिरा, आपलं अख्खं उपवासाचं ताट अमेरिका खंडातून आलंय. एकादशीला दक्षिण अमेरिका खातो आपण.

उपवासी_बोका:
आईला सांगितलं. ती म्हणाली मग वरीचे तांदूळ खा.

माई_कोथरूड:
अरे भटक्या, छान लिहिलंयस रे. माझं वय ६८, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ह्यांना बीपी. मुलगा म्हणतो जाऊ या. खरं सांग, झेपेल का? आणि माचू पिच्चूला बाथरूमची सोय कशी आहे, हे कोणी लिहीतच नाही.

सांजभटक्या:
माई, बरं झालं विचारलंत. बाथरूम फक्त गेटच्या बाहेर, आत एकही नाही, आणि एकदा बाहेर पडलं की परत आत घेत नाहीत. आत जायच्या आधी जाऊन यायचं, बस. पासपोर्ट ओरिजिनल लागतो, तिकिटावर वेळ असते. आता तीन सर्किट केलेत, मनात येईल तसं फिरता येत नाही. तो कॅलेंडरवरचा फोटो हवा तर १ किंवा २ नंबर घ्या. तीन नंबर खालच्या अंगाने जातं, पायऱ्या कमी, पण तो फोटो नाही. जूनची तिकिटं काही महिने आधी काढा. ओयांतायताम्बो गावाहून ट्रेन, खालच्या गावातून बस थेट गेटपर्यंत, त्यामुळे चालणं काय ते आतच. दगडी पायऱ्या उंच आहेत आणि कठडे नाहीत हे मात्र लक्षात घ्या.

उंचीचं डॉक्टर सांगतील, आमचं काय झालं ते सांगतो. लिमा समुद्रकाठी, तिथून सव्वा तासाचं विमान आणि थेट कुस्को. मी शहाणा, उतरल्यावर बॅगा घेऊन सान ब्लासच्या पायऱ्या चढलो, संध्याकाळी पोटभर पिझ्झा. रात्री दोन वाजता डोकं असं ठणकायला लागलं की भिंत धरून बसलो होतो. घरमालकीणबाईंनी कोकाच्या पानांचा चहा आणि मुन्या नावाच्या पुदिन्यासारख्या पाल्याचा वास दिला आणि बोट नाचवून दोन दिवस जेवण बंद, फक्त सूप, असं बजावलं. मुलीला काहीही झालं नाही, ती फोटो काढत होती. माझे.

डॉक्टर_खडूस:
माई, गुडघ्यापेक्षा बीपीची काळजी. आधी तुमच्या फिजिशियनला भेटा, इथे विचारून औषध घेऊ नका, माझं ऐकून पण नाही. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासाची गोळी बरेच लोक घेतात, पण सल्फाची ॲलर्जी, किडनी, चालू गोळ्या हे बघूनच. साधा उपाय म्हणजे कुस्कोला उतरल्यावर गाडी करून त्याच दिवशी खाली उरुबांबा नाहीतर ओयांतायताम्बोला जा, ते २८०० मीटरच्या आसपास आहे, तिथे दोनतीन रात्री, मग माचू पिच्चू, जे २४०० च्या थोडं वर आहे, आणि कुस्को शेवटी. लोक कुस्कोला आधी झोपतात आणि मग धागे काढतात. (हलके घ्या.) ते सप्तरंगी डोंगर ५००० मीटरवर आहेत, माई, तो नाद सोडा.

दुसरं, हे कोणीच लिहिलं नाही म्हणून. पेरू पीतज्वराच्या यादीत आहे. तुम्ही जंगलात गेलात की नाही हा प्रश्नच नाही, परत भारतात उतरताना लस घेतल्याचं पिवळं कार्ड मागू शकतात, नसेल तर सहा दिवस क्वारंटाइन. लस निदान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच, कुठल्याही दवाखान्यात नाही. साठीच्या पुढे ही लस सरसकट देत नाहीत, तेव्हा माई, हे पण डॉक्टरांशी बोला.

आणि कोकाचा चहा तिथेच प्या. पेरूत कायदेशीर आहे, भारतात आणि अमेरिकेत नाही. कौतुकाने पिशवी भरून आणू नका.

प्रश्नोपनिषद:
व्हिसा? खर्च? विमान? आणि सुरक्षित आहे का?

सांजभटक्या:
एका दमात चार. व्हिसा: अमेरिका, कॅनडा, यूके, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा व्हिसा पासपोर्टवर असेल आणि त्याची सहा महिने मुदत बाकी असेल तर भारतीयांना पेरूचा वेगळा लागत नाही, आमचा अमेरिकेचा होता. नियम बदलतात, जायच्या आधी वकिलातीच्या साइटवर बघा. विमान: थेट नाही, युरोप नाहीतर अमेरिकामार्गे, पुण्यातून निघून कुस्कोच्या पलंगावर पडेपर्यंत दोन दिवस गेले. खर्च: आकडा सांगत नाही, आम्ही अमेरिकेहून पुढे गेलो त्यामुळे माझा हिशेब तुम्हाला लागू नाही. सोल, म्हणजे तिथलं चलन, साधारण २३-२४ रुपयांना पडला. कुस्कोच्या आसपासच्या जागांचं एक सामायिक तिकीट असतं, आम्ही १३० सोल दिले, दहा दिवस चालतं, साक्सायवामान, पिसाक, ओयांतायताम्बो, मोराय सगळं त्यात. मारासची मिठागरं त्यात नाहीत, तिथे वेगळे पैसे.

सुरक्षा: गर्दीत मोबाइल सांभाळा, दादरला सांभाळता तसा. आम्हाला चोराने नाही, एका एजन्सीने गंडवलं. मारासला नेणारी गाडी पहाटे सहाला चौकात येणार होती, पैसे आधीच घेतलेले, आठ वाजेपर्यंत थंडीत उभे, गाडी नाही, फोन उचलत नाहीत. मग टॅक्सी केली. नाव विचारू नका, पावतीसुद्धा नव्हती, चूक माझीच.

लिमाकर:
उशिरा पोचलो धाग्यावर. कामानिमित्त सहा वर्षं लिमात आहे, मूळ सांगलीचा. सांजभटक्या, मस्त, पण तुम्ही इंती रायमीला तिसऱ्या नंबरवर टाकलंत ते पटलं नाही. जरा सविस्तर लिहा की, काय आवडलं नाही?

सांजभटक्या:
आवडलं नाही असं नाही हो. सकाळी कोरिकांचाला सुरुवात, सूर्याचं मंदिर, ज्याच्या भिंतींवर सान्तो दोमिंगोचा मठ बांधलाय. खाली इंकांचे दगड, मध्ये पत्ता जाणार नाही असे बसवलेले. मग चौक, दुपारी साक्सायवामान, म्हणजे शहराच्या वरचा इंकांचा किल्ला. तिथे खुर्चीचं तिकीट भलतंच महाग म्हणून आम्ही लोकांबरोबर टेकडीवर फुकट बसलो. सकाळपासून जागा धरून बसलेली कुटुंबं, उकडलेले बटाटे, चादरी, पोरं. कार्यक्रम सुरू झाला आणि पुढचा एक उंच गोरा पाहुणा फोटोला उभा राहिला. मागून आरडाओरडा, बस खाली, बस खाली. तो हसून हात करतोय. मग एक संत्र्याची साल आली, मग दुसरी, मग बटाटा. बसला. आमच्या शेजारची आजी नेम धरून मारत होती, मी डोळ्यांनी बघितलं.

पण मैदानावर जे चाललं होतं ते नाटक. इंका म्हणजे राजा, त्याची राणी, केचुआतले संवाद, लामाचा बळी पण लुटुपुटूचा. भव्य, रंगीत, पण नाटकच. आणि कॉर्पसमध्ये कोणी आमच्याकडे बघत सुद्धा नव्हतं, त्यांचं त्यांचं चाललं होतं.

लिमाकर:
हो, नाटक आहेच आणि ते लपवतही नाहीत. स्पॅनिश व्हाइसरॉय तोलेदोने १५७२ मध्ये मूळ सण बंद पाडला, आत्ताचा १९४४ साली परत उभा केला, तो गार्सिलासो दे ला व्हेगा या जुन्या इतिहासकाराच्या वर्णनावरून. गार्सिलासोची आई इंका राजघराण्यातली, बाप स्पॅनिश. संहिता केचुआत फाउस्तिनो एस्पिनोसा नावारो यांनी लिहिली आणि पहिली काही वर्षं इंका पण तेच व्हायचे. पण विचार करा, ज्या भाषेत बोललं की शाळेत मार बसायचा त्या भाषेत अख्खं शहर दिवसभर ऐकतंय. माझी ऑफिसमधली सहकारी कुस्कोची, ती म्हणते माझ्या आजीला वर्षातून एकदाच माइकवरून तिची भाषा ऐकू येते. टेकडीवरची आजी बटाटा का मारत होती कळलं ना? तिला ऐकायचं होतं.

सांजभटक्या:
हम्म. हा विचार मी केला नव्हता. तरी कॉर्पस पहिलंच.

लिमाकर:
असू दे. बाकीच्यांसाठी: कुस्को म्हणजे अख्खं पेरू नव्हे. ऑक्टोबरमध्ये लिमाला या, सेन्योर दे लोस मिलाग्रोस, म्हणजे चमत्कारांच्या प्रभूची मिरवणूक. १६५१ च्या सुमारास अंगोलातून आणलेल्या एका गुलामाने मातीच्या भिंतीवर क्रूसावरचा येशू रंगवला, १६५५ च्या भूकंपात आजूबाजूचं पडलं, ती भिंत उभी. लाखो लोक रस्त्यावर, सगळं जांभळं, महिन्याचं नावच जांभळा महिना. मिरवणुकीतल्या चित्रापुढे धुपाटणी घेतलेल्या बायका असतात त्या उलट्या चालतात, देवाकडे पाठ नको म्हणून, तासन्‌तास. पहिल्या वर्षी मी ऑफिसला जाताना त्या गर्दीत अडकलो, तीन तास उशीर, बॉसने विचारलं पण नाही. दोन्या पेपाचं तुरोन म्हणून एक मिठाई मिळते, रंगीबेरंगी गोळ्या लावलेली, दात सांभाळून.

आणि ज्यांचे गुडघे आणि फुप्फुसं शाबूत आहेत त्यांच्यासाठी कोयुर रितीची जत्रा, कॉर्पसच्या आधीच्या दिवसांत, सिनाकारा खोऱ्यात, ४७०० मीटर. मी २०२३ ला गेलो होतो. मावायानी गावातून आठेक किलोमीटर चढ, आम्ही रात्री चाललो, पुढेमागे बॅंडवाले तुबा पाठीला बांधून चढताहेत. वर वाटेत लोक दगडगोट्यांची इवलीशी घरं रचतात, खोट्या नोटा देऊन खेळण्यातला ट्रक, दुकान, डिग्रीचं सर्टिफिकेट विकत घेतात, म्हणजे वर्षभरात खरं मिळतं. एका आजोबांनी मला गाय विकली, दोन इंचाची, आणि कागदपत्रं पण केली. उकुकू म्हणजे लोकरीचा मुखवटा घातलेले अस्वलमानव, ते हिमनदीवर जातात. पूर्वी बर्फाचे तुकडे कापून पाठीवर आणायचे, देवाचं पाणी म्हणून. हिमनदी आटायला लागली तसं ते त्यांनी बंद केलं. आता वर जातात आणि बर्फ न घेताच उतरतात. टुरिस्ट म्हणून मिरवायला जायची जागा नाही ती, दारू वर्ज्य, आणि थंडी अशी की बाटलीतलं पाणी गोठलं.

जर्सीवाली:
लिमापर्यंत जायला नको, आमच्या न्यू जर्सीतल्या पॅटर्सनमध्ये पेरूची इतकी माणसं आहेत की ऑक्टोबरमध्ये इथेच जांभळी मिरवणूक निघते! दरवर्षी ट्रॅफिकमध्ये अडकून शिव्या घालायचे, हे वाचल्यावर यंदा उतरून बघणार. ते तुरोन इथे पण मिळतं, अतिगोड.

लिमाकर:
सांजभटक्या, एक राहिलं. तो पाव. टोपली घेऊन आले, हॅट काढून भाषण, बाटली. घरमालकीणबाईंचा भाऊ पुढच्या वर्षीचा कार्गुयोक आहे का, म्हणजे संताच्या उत्सवाचा यजमान?

सांजभटक्या:
हो, मुलीला तेवढं कळलं होतं, सान ब्लासचा पुढचा मान त्याच्याकडे. का?

लिमाकर:
मग अडकलात. त्याला हुर्का म्हणतात. यजमान एकटा अख्खा उत्सव पेलू शकत नाही म्हणून पाव आणि पेय घेऊन घरोघर जातो आणि मागणं घालतो, तू बॅंड दे, तू मेणबत्त्या, तू झूल. पाव घेतला म्हणजे शब्द दिला. नको असेल तर पाव घ्यायचाच नाही. तुम्ही दोन घेतलेत.

माई_कोथरूड:
अगंबाई.

उपवासी_बोका:
=)) =)) दोन पाव म्हणजे दोन बॅंड!

सांजभटक्या:
थांबा. मुलीला फोन करून त्या बाईंना व्हॉट्सॲप करायला लावतो.

प्रश्नोपनिषद:
हे होईपर्यंत, पुढच्या वर्षी दोन्ही सण एका फेरीत जमतील का?

सांजभटक्या:
२०२६ ला कॉर्पस ४ जूनला, इंती रायमी २४ लाच, म्हणजे मध्ये वीस दिवस. २०२७ ला तर कॉर्पस मे महिन्यात, २७ तारखेला. २०२८ ला १५ जून, ते जमेल, आणि २०३० ला २० जून, यंदासारखं अगदी जवळ. माई, तोवर गुडघा मस्त होईल.

हां, उत्तर आलं. बाईंनी आधी हसणाऱ्या बाहुल्यांची रांग पाठवली, मग व्हॉइस मेसेज. मुलीने तीनदा ऐकला. आमच्याकडे फुलं आहेत. ४ जूनला पालखीवरची फुलं आमची, येणं जमलं नाही तर पैसे पाठवले तरी चालेल, पण आलात तर खोली तीच. भावाने वहीत नाव पण लिहून घेतलंय. बायको आतून विचारतेय तिकडे झेंडू मिळतो का.

लिमाकर:
झेंडू मूळचा मेक्सिकोचा, त्यामुळे मिळायला हरकत नाही. त्याचा एक भाऊ वाकाताय म्हणून इथे कुस्कोकडे सगळीकडे उगवतो, पण तो हाराला वापरू नका, तो चटणीत वाटतात.